फरशीची निगा : वऱ्हाडातील घरे

घरातील चालण्या-बसण्याची टणक जमीन स्वच्छ, कोरडी व अखंड ठेवण्याच्या कामास फरशीची निगा म्हणतात. तीत चोपून सारवलेली भुई, दगडी फरशी, सिमेंटचा कोबा, मोझॅकच्या लाद्या, सिरॅमिक व व्हिट्रिफाइड टाइल्स यांचा समावेश होतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हे सगळे प्रकार आजही एकाच गावात, कधी एकाच घरात सापडतात: ओसरीला शहाबादी, बैठकीत चकचकीत टाइल, मागच्या गोठ्यालगतच्या खोलीत शेणाने सारवलेली भुई. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असल्याने एकीला मानवणारी साफसफाई दुसरीला बाधते. घरातली फरशी पायांनी झिजते त्यापेक्षा चुकीच्या सफाईने अधिक बिघडते, आणि या नोंदीतील बहुतेक मजकूर अशा चुका टाळण्याबद्दल आहे.

जुन्या भुईचा माग जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत लागतो. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे वर्धा नदीकाठचे गाव परंपरेने विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६०च्या दशकात येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा वस्तीच्या टेकाडांत जुनी भुई हा पुरातत्त्वज्ञांचा मोठा आधार असतो. पुन्हा पुन्हा चोपलेल्या, लिंपलेल्या जमिनीचे पापुद्रे एकावर एक दिसतात आणि त्यांवरून राहत्या घराचा थर ओळखता येतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील घरांच्या अशाच चोपलेल्या भुया उघड्या झाल्या.

टेकाडांचा आणखी एक उपयोग गावकऱ्यांना ठाऊक आहे, आणि तो पुरातत्त्वाच्या मुळावर आला आहे. शतकानुशतके ढासळलेल्या भिंती, राख आणि शेण यांची बनलेली पांढरी माती लिंपायला उत्तम. शेतातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पांढरी तसे करीत नाही. म्हणून घर बांधताना, दिवाळीपूर्वी भुई नीट करताना लोक गढीची, जुन्या टेकाडाची माती पाट्या भरभरून नेत आले. संरक्षित स्थळावरून अशी माती उचलणे आता गुन्हा आहे. नदीकाठचा गाळ किंवा पडक्या मातीच्या घराचा ढिगारा हे त्या मातीला चालण्यासारखे पर्याय.

सारवलेल्या भुईची बांधणी खालून वर अशी: मुरुमाचा थर, त्यावर पाणी मारून धुम्मसाने ठोकणे, मग लाकडी चोपणीने चोपणे, वर पांढऱ्या मातीचा गिलावा आणि शेवटी शेणकाल्याचा हात. शेणातील न पचलेले तंतू मातीच्या कणांना धरून ठेवतात, त्यामुळे वाळलेला पातळ थर धूळ उडू देत नाही. सारवण्याआधी भुई झाडून खळगे भरून घ्यावे लागतात. सारवणारी बाई दाराच्या समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे सरकत दाराशी येते, म्हणजे ओल्या भुईवर पाय पडत नाही. थर जाड झाला तर पोपडे सुटतात. पावसाळ्यात सारवण वाळत नाही, त्या दिवसांत नुसते झाडून भागवतात. सणासुदीला आणि पाहुणे येण्याआधी सारवण्याचा रिवाज केवळ शोभेचा नव्हे: माणसांची वर्दळ वाढणार, तेव्हा भुईचा वरचा थर ताजा असणे बरे.

या पद्धतीचे गोडवे गाताना एक गोष्ट अनेकदा वगळली जाते. जनावरांच्या शेणात धनुर्वाताचे जीवाणू बीजाणूंच्या रूपात असू शकतात. उघडी जखम असलेल्या हाताने सारवणे किंवा बाळंतिणीच्या खोलीत शेणाशी नवजात बाळाच्या नाळेचा संपर्क येऊ देणे धोक्याचे. हंगामात कापूस घरातच साठवणारे शेतकरीही सारवलेल्या भुईवर तो तसाच ओतत नाहीत, खाली ताडपत्री अंथरतात. भुईतली ओल आणि माती लागली की कापसाची प्रत उतरते.

झाडण्याची साधनेही जमिनीप्रमाणे ठरतात. शिंदीच्या पानांचा फडा सारवलेल्या भुईला आणि खडबडीत दगडाला, मऊ फुलझाडू गुळगुळीत टाइलला. तुराट्यांचा खराटा अंगणाचा व रस्त्याचा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांमुळे खराट्याला महाराष्ट्रभर मान मिळाला, तरी घरात तो बारीक धूळ मागेच ठेवतो. आणि पुसण्यापेक्षा झाडणे महत्त्वाचे आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोस मापप्रमाणात चुनखडकातील कॅल्साइटचे काठिण्य ३, तर वाळूतील क्वॉर्ट्‌झचे ७. न झाडता ओले फडके फिरवले की वाळूचे कण फडक्यात धरले जाऊन दगडावर घासतात. दाराशी पायपुसणे ठेवणे हा चकाकी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दगडी फरशांत शहाबादी सर्वांत ओळखीची. ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरातून येते. तेलंगणातील तांदूरची आणि आंध्रातील कडप्पाची फरशी, तसेच राजस्थानातील कोटा याच कुळातली. हे सगळे चुनखडक. संगमरवरही रसायनाच्या दृष्टीने त्यांचाच भाऊबंद. चुनखडकाला आम्ल चालत नाही: लिंबू, चिंच, ताक सांडून तसेच राहिले तरी चकाकी जाऊन फिकट चट्टा उठतो, आणि संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड पडले तर फेस येऊन दगडच विरघळू लागतो. तो फेस मळ निघाल्याचा नसून दगडातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. न्हाणीतली कळकट शहाबादी ॲसिडने ‘उजळते’ असे वाटते. प्रत्यक्षात तिचा वरचा थर खरवडला जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा मळ अधिक लवकर बसतो. ॲसिड ओतण्याचा फेरा मग थांबत नाही. वऱ्हाडाच्या भूमीतला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आणि ग्रॅनाइट हे सिलिकेट खडक असल्याने लिंबाने बिघडत नाहीत. आपल्या घरातला दगड कोणता हे ठाऊक नसेल तर कोपऱ्यात, कपाटाखालच्या जागी लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा.

एक इशारा इथेच. ॲसिड आणि ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघरासारख्या लहान, बंद जागेत तो फुप्फुसांना घातक ठरतो. दोन्ही एकाच दिवशी वापरायचीच असतील तर मध्ये भरपूर पाणी ओतावे आणि खिडकी उघडी ठेवावी. खरे तर दोन्ही वापरण्याची वेळ क्वचितच येते.

डागांत हळदीचा डाग महाराष्ट्रातील प्रत्येक स्वयंपाकघराचा. हळदीतील कर्क्युमिन आम्लधर्मी किंवा उदासीन पाण्यात पिवळे, अल्कधर्मी साबणाच्या पाण्यात तांबडे होते, म्हणून साबण लावल्यावर डाग वाढल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात रंग बदललेला असतो. ऊन त्याला फिके करते. उन्हाची तिरीप येते त्या जागी तो आपोआप जातो, आतल्या ओट्याखाली पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा उपयोगी पडतो. तेल मात्र दगडाच्या रंध्रांत शिरते आणि वरून घासून हलत नाही. त्यावर खडूची पूड किंवा मुलतानी माती आणि धुण्याचा सोडा यांचा ओला लेप द्यावा, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ठेवावे, मग उघडून वाळू द्यावे. लेप वाळताना तेल वर ओढून घेतो. दिवाळीनंतर, तळणाच्या कढईखालच्या फरशीवर हा लेप दोनदा द्यावा लागतो.

वऱ्हाडाचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर हे तालुके त्यात मोडतात. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार इतके की पुसलेली फरशी वाळली की वर पांढरट पापुद्रा दिसतो. कौंडण्यपूर वर्धेच्या काठी असल्याने या पट्ट्याबाहेर आहे. तिथे नदीचा गाळ त्रास देतो, खार नव्हे. खारपाणात साबण फेसत नाही. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात आणि तो टाइलवर धूसर पडद्यासारखा बसतो. अशा घरांत साबणाऐवजी उदासीन सामूचे द्रवरूप क्लीनर थोडेच घालावे, आणि शेवटचा हात शक्यतो पावसाचे साठवलेले किंवा नळाचे गोडे पाणी घेऊन फिरवावा. दृष्ट निघावी म्हणून पुसायच्या बादलीत खडेमीठ टाकण्याची अलीकडची टूम खारपाणपट्ट्यात तर निव्वळ भर घालणारी आहे. चमक यावी म्हणून रॉकेलचे थेंब टाकण्याची जुनी सवय गेली ते बरे झाले. तिने फरशी निसरडी आणि आग जवळची होत असे.

उन्हाळ्यात या सगळ्यात कूलरची भर पडते. अकोला-अमरावतीत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी खिडकीला कूलर लागतो. त्याच्या टाकीतले पाणी सारखे बाष्प होऊन उडते, क्षार मात्र मागे उरतात. पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते. गळणाऱ्या टाकीखालच्या फरशीवर म्हणून पांढरे ओघळ तर उठतातच, पण लोखंडी पायांच्या गंजाचे तांबूस वर्तुळही पडते. व्हिट्रिफाइड टाइलवरचा गंज ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने निघतो. तोच उपाय शहाबादीवर केला तर गंज फिका होतो आणि त्या जागी खरखरीत चट्टा राहतो. कूलरच्या पायांखाली रबरी बुचे लावणे आणि टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करणे यात काम कमी आणि फायदा अधिक आहे.

व्हिट्रिफाइड टाइल, जी मुख्यतः गुजरातेतील मोरबीहून येते, पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी शोषते. तिला डाग सहसा लागत नाहीत. डाग लागतात ते टाइलमधल्या सिमेंटच्या सांध्यांना. सांधे नरम दातांच्या ब्रशने व सोड्याने घासावेत, आम्लाने नव्हे, कारण सिमेंटही चुन्याचेच सोयरे. गुळगुळीत टाइल ओली असताना निसरडी होते, त्यामुळे न्हाणीत व मागच्या दारी खरखरीत पृष्ठभागाची घ्यावी. वृद्ध माणसे घरात असतील तर फडके घट्ट पिळून पुसणे हा स्वच्छतेइतकाच सुरक्षेचा भाग. लाकडी किंवा लॅमिनेट फरशी या भागात फार नाही. पाण्याने फुगते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

टाइल पोकळ बोलू लागली, बोटाने वाजवून पाहता ठक्क ऐवजी ढब आवाज आला, तर दोष बहुधा वरचा नसून खालचा असतो. जोत्यात काळी माती भरली असेल तर पावसाळ्यात ती फुगून फरशी उचलते आणि वैशाखात आक्रसून पोकळी सोडते. पुसून, सिमेंट ओतून हे बरे होत नाही. जोते भरताना मुरूम किंवा वाळू थराथराने पाणी मारून ठोकलेली हवी, आणि टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवलेली हवी, म्हणजे उन्हाने प्रसरण पावलेल्या टाइला एकमेकींना रेटत नाहीत. जुन्या घरात उचललेल्या टाइला काढून खालचा भराव बदलणे खर्चिक, पण दुसरा इलाज नाही. भिंतीच्या कडेने लोणा चढत असेल तर तेथेही दुखणे भरावातल्या ओलीचे असते; पांढरी बुरशी समजून ॲसिड लावणारे घरमालक क्षारांत क्षारांची भर घालतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा आणि ओल कुठून येते ते शोधावे.

मोझॅकच्या व संगमरवराच्या लाद्यांची गेलेली चकाकी यंत्राने घासून परत आणता येते. संगमरवराचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेल्या मोझॅक लाद्या अकोल्या-अमरावतीच्या १९७०-८०च्या दशकांतल्या सरकारी क्वार्टरांत व बंगल्यांत सर्रास दिसतात आणि त्या टिकाऊही आहेत. कारागीर यंत्राला कार्बोरंडमचे दगड लावून आधी भरडा, मग मध्यम, मग बारीक असा क्रम ठेवतो. मधे फुटके खळगे त्याच रंगाच्या सिमेंटने भरतो आणि अखेरीस ऑक्झॅलिक ॲसिडची पूड घासून पाणी देतो. बारीक दगड चढवायची घाई केली की भरडा दगडाच्या वर्तुळाकार रेघा चकाकीखाली कायम राहतात. हे काम ओलेच करायचे असते. ग्रॅनाइट किंवा वाळूमिश्रित कोबा कोरडा घासला तर सिलिकाची धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही, म्हणून घरमालकाने पाण्याची नळी आणि मास्क यांची विचारणा आधी करावी. घासल्यावर जमलेला राखाडी गाळ न्हाणीच्या मोरीत सोडू नये. तो पाइपात सिमेंटसारखा घट्ट होतो. पोत्यात भरून वाळू द्यावा आणि अंगणातला खड्डा बुजवायला वापरावा.