.२२ रायफलची काडतुसं: डबीवरचे आकडे कसे वाचायचे आणि बीडच्या शेतात ती का चालत नाहीत?

शॉर्ट व्हिडिओ बघता बघता तुमच्यासमोरही हे आलं असेल: ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतला एखादा शेतकरी छोटी रायफल घेऊन बसलेला, समोर ससे, आणि खाली टायटल, ‘बेस्ट पॉइंट टू-टू अ‍ॅमो’. खाली मराठीत कमेंट असते, “भाऊ, हे आपल्याकडे कुठं भेटल? रानात लय त्रास आहे.”

मी बीड जिल्ह्यातला आहे, त्यामुळे हा त्रास मला ठाऊक आहे. रानडुक्कर एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतं, रोह्यांचा कळप तुरीत शिरतो, घुशी बांध पोखरतात. त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण त्या व्हिडिओतलं उत्तर आपल्या जिल्ह्यात जसंच्या तसं लागू होत नाही. या लेखात मी आधी काडतुसाचं तंत्र सांगतो आणि मग आपल्याकडचा कायदा. दोन्ही कळले की निर्णय सोपा आहे.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, आतली दारू, पुढची शिशाची गोळी आणि ठिणगी पाडणारा मसाला. मोठ्या रायफलच्या काडतुसात हा मसाला बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत बसवलेला असतो. त्याला सेंटरफायर म्हणतात. रिमफायरमध्ये वेगळी टोपी नसते. पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कडा असते, तिच्या आतल्या पोकळीतच मसाला भरलेला असतो. रायफलची पिन त्या कडेवर आपटते, मसाला पेटतो, दारू पेटते आणि गोळी सुटते.

पिनेने कडा चेपली जावी म्हणून पुंगळी पातळ ठेवावी लागते. पातळ पुंगळी जास्त दाब सोसत नाही, म्हणून रिमफायर काडतुसं लहान आणि कमी ताकदीची असतात. ती स्वस्त पडतात, आवाज आणि धक्का कमी असतो. पण पुंगळी एकदाच वापरता येते, पुन्हा भरता येत नाही.

हे तंत्र जुनं आहे. आपल्याकडे १८५७ चा उठाव चालू होता, त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने .२२ शॉर्ट हे काडतूस आणलं. आज जगभर चालणारं .२२ लाँग रायफल १८८७ सालचं. ‘.२२’ म्हणजे गोळीची जाडी इंचात, साधारण साडेपाच मिलिमीटर.

डबीवरचे आकडे वाचायला शिका

मोबाइल घेताना आपण जशी रॅम आणि बॅटरी बघतो, तशा काडतुसाच्या डबीवर तीन गोष्टी बघायच्या.

१) ग्रेन: हे गोळीचं वजन. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. सोनाराकडची गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, म्हणजे ग्रेन तिच्या जवळपास निम्मा. .२२ ची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. रुपयाच्या नाण्यापेक्षाही हलकी.

२) वेग: हा सहसा फूट प्रति सेकंदात लिहितात. १,०७० च्या आसपास असेल तर स्टँडर्ड किंवा सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा कमी. १,२०० च्या वर गेलं की हाय व्हेलॉसिटी. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे १,११५ फुटांच्या आसपास. गोळी याच्या पुढे गेली की हवेत स्वतःचा कडाका काढते. पुढे तिचा वेग उतरतो आणि ती पुन्हा आवाजाच्या वेगाखाली येते, तेव्हा किंचित डगमगते. म्हणून अचूक नेमबाजीत मुद्दाम कमी वेगाचं काडतूस वापरतात. जास्त वेग म्हणजे जास्त चांगलं, हा हिशोब इथे चुकतो.

३) गोळीचा आकार: भरीव गोळी सरळ आरपार जायला बघते. टोकाला खड्डा असलेली, म्हणजे हॉलो पॉइंट, आत शिरल्यावर फुलते आणि आपली ताकद तिथेच सोडते. त्यामुळे छोटं जनावर लवकर मरतं आणि गोळी पलीकडे जाण्याची शक्यता कमी होते. कमी होते, संपत नाही.

ताकदीची ढोबळ तुलना अशी:

- .२२ लाँग रायफल, स्टँडर्ड, ४० ग्रेन: सुमारे १४० ज्यूल
- .२२ लाँग रायफल, हाय व्हेलॉसिटी, ४० ग्रेन: सुमारे १९० ज्यूल
- .१७ एचएमआर, १७ ग्रेन: सुमारे ३३० ज्यूल
- .२२ मॅग्नम, ४० ग्रेन: सुमारे ४२० ज्यूल
- बिनपरवाना एअरगनची कायदेशीर मर्यादा: २० ज्यूल

जिथे चालतं तिथे निवड कशी करतात?

ऑस्ट्रेलियात ससा हे बाहेरून आणलेलं आणि पिकांची नासाडी करणारं जनावर आहे. तिथला परवानाधारक शेतकरी अशी निवड करतो: ५० मीटरच्या आत आणि आवाज कमी हवा असेल तर सबसॉनिक हॉलो पॉइंट. थोडं लांब असेल तर हाय व्हेलॉसिटी हॉलो पॉइंट. १०० मीटर किंवा त्यापुढे .१७ एचएमआर किंवा .२२ मॅग्नम, पण त्यासाठी रायफलच वेगळी लागते. एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नसतं.

अंतराला इतकं महत्त्व का? कारण .२२ ची गोळी पटकन खाली येते. ५० मीटरला नेम जुळवलेली रायफल १०० मीटरला साधारण १५ ते २० सेंटिमीटर खाली मारते. सशाच्या बाबतीत एवढ्या फरकाने गोळी चुकते, किंवा जनावर जखमी होऊन तडफडत पळतं. शिवाय प्रत्येक रायफलला प्रत्येक काडतूस मानवत नाही. म्हणून जाणकार दोन-तीन प्रकार कागदावर मारून बघतात आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात ते घेतात.

आता आपल्या बीडकडे या

इथे काडतुसाचा नंबर शेवटी लागतो. त्याआधी तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न: समोर जनावर कोणतं? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आज काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. पाटोदा तालुक्यात तर नायगावचं मयूर अभयारण्यच आहे. रोही, रानडुक्कर आणि आपला रानातला ससा दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दोन्ही अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार बंद आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं.

पूर्वी उंदीर, कावळा, वटवाघूळ यांची ‘उपद्रवी’ म्हणून पाचवी अनुसूची होती. ती या दुरुस्तीत काढून टाकली. त्यामुळे “कावळा त्या यादीत आहे, मारला तरी चालतो” हे जुनं वाक्य आता धरून बसू नका. उरतात ते घरातले-शेतातले नेहमीचे उंदीर आणि घुशी. त्यांच्यावर रायफल चालवणं म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न: शस्त्र कोणतं? व्हिडिओवाले हे कधीच सांगत नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ज्या बंदुकीचं नाव आहे ती ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, म्हणून ती यात बसत नाही. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये .२२ रायफलचा उल्लेख येतो तो रायफल क्लबच्या सभासदाने टार्गेट सराव करण्याच्या संदर्भात. थोडक्यात, आपल्या कायद्याच्या नजरेत .२२ हे मैदानावरचं हत्यार आहे, रानातलं नाही.

परवाना मिळणंही आता सोपं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२४ च्या मस्साजोग प्रकरणानंतर बीडमधले शस्त्रपरवाने राज्यभर चर्चेत आले, प्रशासनाने त्यांची फेरतपासणी केली आणि बरेच परवाने रद्द झाले. आणि हे पण लक्षात ठेवा: परवाना नसताना खिशात नुसतं काडतूस सापडलं तरी गुन्हा होतो, रायफल जवळ असावीच लागते असं नाही.

तिसरा प्रश्न: गोळी जाणार कुठे? .२२ ची गोळी दिसायला एवढीशी, पण कोनात उडाली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. नकाशा उघडा आणि आपल्या शेताभोवती तेवढा गोल काढून बघा. वस्ती, शाळा, रस्ता, दुसऱ्याचं शेत, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, सगळं त्यात येतं. त्यात आपली जमीन बालाघाटाच्या दगडाची. शिशाची हळू गोळी दगडावर, कडक ढेकळावर किंवा पाण्यावर आपटली की उसळून भलतीकडे जाते. गोठ्यातल्या घुशीवर .२२ चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात गोळी पाठवण्याची तयारी. दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहेच.

आणि समजा वनविभागाने रानडुकरासाठी रीतसर परवानगी दिली, तरी .२२ तिथे कमीच पडते. डुकराची कातडी आणि हाडं जाड असतात. अर्धवट जखमी डुक्कर उलट अंगावर येतं.

मग एअरगन घेतली तर?

४.५ मिलिमीटर नळी आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही, हे बरोबर आहे. पण ती सूट शस्त्राला आहे, शिकारीला नाही. एअरगनने ससा, तितर किंवा मोर मारला तरी वन्यजीव कायदा तोच लागतो. ‘लायसन्स फ्री’ या शब्दावर फसू नका.

शेतातल्या त्रासाचं काय करायचं?

- मोठी जनावरं: महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ मोबाइलमध्ये सेव्ह करा. नुकसान दिसलं की लगेच तारीख-वेळ आणि लोकेशनसकट फोटो काढा आणि भरपाईचा अर्ज करा. उशीर झाला की पंचनामा अवघड होतो.
- जीवावर बेतणारं किंवा पीक उद्ध्वस्त करणारं जनावर: कलम ११ खाली परवानगी देण्याचा अधिकार वनविभागाकडे आहे. ती लेखी असते. “साहेब तोंडी हो म्हणाले” याला अर्थ नाही.
- घुशी-उंदीर: बांध स्वच्छ ठेवा, बिळं बुजवा, पिंजरे आणि सापळे लावा, घुबडांसाठी शेतात थांबे उभारा. झिंक फॉस्फाईडचं आमिष वापरायचं तर कृषी सहायकाला विचारून, लेकरं आणि जनावरं लांब ठेवून.

माजलगाव तालुक्यातलं लवूल आठवतंय? डिसेंबर २०२१ मध्ये तिथली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेतात अशा बातम्या पार परदेशापर्यंत गेल्या. शेवटी वनविभागाच्या पथकाने दोन वानरं पकडून नेली. त्यासाठी गोळी लागली नाही.

.२२ खरंच आवडली असेल तर

तिच्यासाठी रेंज आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, तेही याच काडतुसावर. त्या टार्गेटवरचा १० गुणांचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा असतो. इथे काडतूस निवडायचं ते ४० ग्रेन, सबसॉनिक, भरीव गोळीचं. सुरुवात १० मीटर एअर रायफलने, मान्यताप्राप्त क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या हाताखाली.

नेहमीचे प्रश्न

*काडतुसं ऑनलाइन मागवता येतात का?* नाही. परवानाधारक दुकानातून, परवाना दाखवून आणि त्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात. सोशल मीडियावर कुणी ‘घरपोच’ म्हणत असेल तर तो फसवतोय किंवा गुन्हा करतोय. दोन्हीत अडकणार तुम्हीच.

*काकांच्या परवान्याची बंदूक घेऊन रील काढली तर?* परवाना काकांचा आहे, तुमचा नाही. रील हाच पुरावा ठरतो, आणि परवाना काकांचा जातो.

*लग्नात हवेत एक फायर?* २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या जीवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी “कोणतं काडतूस चांगलं?” विचारलं, तर आधी त्याला विचारा: जनावर कोणतं, परवाना कशाचा आणि गोळीच्या मागे कोण राहतं? या तिन्हींची उत्तरं नीट देता आली तरच डबीवरचे आकडे वाचण्यात अर्थ आहे. काही शंका असेल तर खाली विचारा, मला जमेल तेवढं सांगतो.