हवेचा टेकू

हवेत किल्ले बांधणाऱ्याला आपण हसतो. पण डोंगरउतारावरून भरधाव सायकल हाकणारी आजची तरुण मंडळी आपल्या पाठीचे मणके मूठभर हवेच्या भरवशावर सोडतात, आणि ती हवा त्यांना दगा देत नाही. या सायकलींत मागचे चाक मुख्य सांगाड्याला हलत्या सांध्याने जोडलेले असते, आणि दोहोंमध्ये वीतभर लांबीचे एक नळकांडे बसवलेले असते. आपले गॅरेजवाले ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात तेच हे. काहींत पोलादी स्प्रिंग असते. पण पुष्कळांत स्प्रिंगचे काम नुसती कोंडलेली हवा करते. चाक दगडावर आपटले की दट्ट्या आत जातो, हवा दबते आणि पुन्हा फुगून चाकाला जमिनीवर ढकलते.

या हवेविषयी स्वारांची एक ठरलेली तक्रार असते: आधार मिळत नाही. हवा कमी भरावी तर सायकल वळणावर मध्येच खचते, आणि मोठ्या उडीनंतर दट्ट्या तळाला जाऊन कमरेत कळ उठवतो. जास्त भरावी तर बारीकसारीक खडेसुद्धा दाताला जाणवतात आणि मागचे चाक उड्या मारू लागते. मऊपणा हवा तर आधार जातो, आधार हवा तर मऊपणा जातो. हा पेच उताराच्या कडेला जिवाशी बेततो. तो कसा सुटतो याचे उत्तर मात्र कुठल्याही सायकलीहून जुने आहे.

१६६० साली रॉबर्ट बॉइल या विद्वानाने हवेच्या स्प्रिंगवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हवा दाबली तर दबते आणि सोडली तर फुगते, म्हणजे तिच्या अंगी स्प्रिंगचा गुण आहे, असे त्याचे म्हणणे होते. लोकरीचा पुंजका मुठीत आवळून सोडावा तशी हवेची रीत, ही उपमाही त्याचीच. १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने मोजमाप दिले. काचेची वाकडी नळी घेतली. तिचे आखूड टोक बंद, लांब टोक उघडे. उघड्या टोकातून पारा ओतत गेला, तशी बंद टोकातली हवा आक्रसत गेली. मूळच्या वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे २९ इंच पाऱ्याचा भार पडला, म्हणजे दाब दुप्पट झाला, तेव्हा हवेची जागा बरोबर निम्मी झाली होती.

हा नियम वर्गात सांगताना मी सायकलचा पंप घेऊन जातो. एका मुलाने पंपाचे तोंड अंगठ्याने गच्च धरायचे, दुसऱ्याने दांडा दाबायचा. पहिला अर्धा दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो. शेवटचे चार बोटे अंतर मात्र घाम काढते. मुले ओरडतात, “गुरुजी, हवा संपत आली!” हवा काही संपत नाही, तिची जागा संपत येते. आपल्या गोष्टीची किल्ली या एका वाक्यात आहे, ती वाचकांनी जपून ठेवावी.

बॉइलने हवेचा गुण सांगितला, पण तिच्यावर बसण्याची कल्पना सुचायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट पार्कात त्याच्या गाड्या आवाज न करता धावल्या. लोखंडी धावेच्या खडखडाटाला सरावलेल्या लोकांना नवल वाटले असेल. पण ती चाके महाग पडत, आणि सायकलीचे युग तर उजाडायचेच होते. ती युक्ती मागे पडली. पुढे बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर केले आणि १८८८ साली पेटंट मिळवले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचा हक्क रद्द झाला. नाव मात्र डनलॉपचेच घरोघर झाले! इतिहासाचा न्याय कधीकधी असा असतो. असो.

टायरमधली हवा खडे पचवते, धोंडे नव्हे. धोंड्यांची पाळी आली कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. तिकडची काही मंडळी १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या जाडजूड सायकली घेऊन कच्च्या वाटांनी उतरत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळ शर्यत लावली: वाट दोन मैलांहून थोडी अधिक, उतार सुमारे १३०० फूट. पायाने उलटे पेडल मारून लावायचा ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. याच मंडळींतल्या जो ब्रीझने १९७७ साली डोंगरासाठी म्हणून मुद्दाम नवी सायकल बांधली. तिला गिअर आले, चांगले ब्रेक आले. पण स्प्रिंगचे काम अजून स्वाराचे गुडघे आणि कोपरेच करीत होती.

तिकडे मोटारसायकलींच्या खडबडीत शर्यतींसाठी बॉब फॉक्सने १९७४ च्या सुमारास हवेचे शॉकअप तयार केले होते. सायकलीला ही विद्या १९८९ साली पॉल टर्नरच्या ‘रॉकशॉक्स’ने दिली, आणि ती पुढच्या चिमट्यात: आत हवा आणि तेल. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तीत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने असाच चिमटा लावून जिंकली. पुढे १९९० च्या दशकात मागचे चाकही स्प्रिंगवर आले, आणि आधाराची तक्रारही त्याच्याच मागोमाग आली.

आता ती जपून ठेवलेली किल्ली काढू. समजा, नळकांड्यात हवेला १०० भाग जागा आहे आणि दट्ट्या पुरता आत गेला की ६० भाग व्यापतो. हवेला उरले ४०; दाब झाला अडीचपट. आता आत प्लास्टिकची अशी एक कडी बसवा की १० भाग जागा कायमची अडेल. सुरुवातीला जागा ९०, शेवटी ३०, दाब तिप्पट! भरलेला दाब तोच, त्यामुळे आरंभीचा मऊपणा जवळजवळ तसाच. शेवटी मात्र भक्कम टेकू. अर्ध्या वाटेवर मात्र हा फरक थोडाच पडतो. म्हणून मध्येच खचणाऱ्या सायकलीला निव्वळ कडी पुरत नाही. तिथे आधी भरलेला दाब पाहावा लागतो. दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला उलट रेटा देणारी हवेची एक लहान कोठडी असते. ती मोठी केली तर आरंभ इतका हलका होतो की मुख्य दाब वाढवायला वाव मिळतो, आणि मधला आधार सुधारतो.

जाणते कारागीर म्हणून एक क्रम पाळतात. आधी अंगावरच्या कपड्यांसह आणि सामानासह स्वाराने सायकलीवर बसून ती किती दबते ते मोजायचे. दट्ट्याच्या दांड्यावर यासाठी रबराचे कडे असते. दांड्याची चाल ६० मिलिमीटर असेल तर १५ ते १८ मिलिमीटर, म्हणजे पाव ते तीस टक्के, ही साधारण बरी बसण. हवा भरताना मध्येमध्ये शॉकअप हळू दाबून सोडावा, म्हणजे उलट्या कोठडीतही हवा पोचते. मग उसळीचा स्क्रू. आतले तेल उसळी आवरते. ती फार मंद ठेवली तर एका धक्क्यातून शॉकअप वर येण्याआधीच दुसरा बसतो, आणि तो खाली खाली खचत जातो. अशा वेळी हवेला दोष देणे व्यर्थ. हवा खोलीला विरोध करते, तेल वेगाला. दोघांची कामे निराळी. सर्वांत शेवटी कडी, तीही एका वेळी एकच. आणि नळकांडे उघडण्यापूर्वी आतली सारी हवा सोडलेली हवीच, नाहीतर ते अंगावर उडेल. कारखान्याने नेमून दिलेल्या दाबाची आणि कड्यांची मर्यादा ओलांडू नये. प्रत्येक बदल वहीत टिपावा, आणि त्याच वाटेने पुन्हा उतरून पाहावे.

मला या सगळ्यात मौज वाटते ती ही की, आधार म्हणजे कठीणपणा, असे आपण सहज धरून चालतो. घरात असो की शाळेत, कोणी खचू लागला की आपण आधी दाब वाढवतो. हवेचे शास्त्र निराळे सांगते. पहिल्या धक्क्याला नमते घ्यावे, आणि समोरचा जसजसा खोल जाईल तसतसे घट्ट उभे राहावे. खरा टेकू तो. यंदाच्या सुट्टीत एखादा भाचा चिखलाने माखलेली सायकल दारात आणून उभी करील, तेव्हा त्याला रागावण्याआधी मागचा शॉकअप दाखवायला सांगा. रबराचे कडे कुठवर सरकले आहे ते पाहा. तो किती खोल गेला होता, आणि हवेने त्याला कुठे सावरले, हे तिथे मिलिमीटरने नोंदलेले असते.