हर्लिंग, कुमार अजिंक्यपद (२०१७)

हर्लिंग हा लाकडी काठी व चामडी चेंडू यांनी खेळावयाचा आयर्लंडचा पारंपरिक मैदानी खेळ. त्यातील काउंटी संघांची कुमारांची अखिल आयर्लंड स्पर्धा १९२८ मध्ये सुरू झाली. पहिला विजेता कॉर्क. तीत १ जानेवारीस अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुले खेळत. शालान्त परीक्षेचा ताण आणि एकाच मुलास अनेक संघांतून खेळावे लागणे, या कारणांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने २०१६ मध्ये ही मर्यादा सतरावर आणण्याचे ठरविले. त्यामुळे २०१७ चा हंगाम जुन्या मर्यादेचा अखेरचा ठरला. ३ सप्टेंबर रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गॉलवेने कॉर्कला २ गोल १७ गुण विरुद्ध २ गोल १५ गुण असे हरविले (एक गोल म्हणजे तीन गुण). त्याच दुपारी गॉलवेच्या प्रौढ संघाने वॉटरफर्डवर मात करून १९८८ नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळविले. साहजिकच कुमारांचा विजय काहीसा झाकोळला. वस्तुतः तोच अधिक टिकाऊ ठरला, कारण नव्या मर्यादेतही गॉलवेने २०१८ ते २०२० ही तिन्ही वर्षे जिंकली. बदलाची झळ पोहोचली ती २००० साली जन्मलेल्या मुलांना : २०१८ मध्ये त्यांचे कुमार गटातील हक्काचे शेवटचे वर्ष हुकले.