आधी राज्ययंत्र, मग कन्फ्यूशियस

प्राचीन चीनविषयी एक मत इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वडीलधाऱ्यांचा मान, शिस्त आणि विद्येचा आदर ही कन्फ्यूशियसची शिकवण चिनी समाजाच्या हाडीमाशी खिळली होती, म्हणून तिथे नोकरशाहीचे केंद्रित साम्राज्य उभे राहिले, असा हा पूर्वपक्ष. तो अगदीच पोकळ नाही. हान सम्राट वूने इ.स.पू. १२४ मध्ये कन्फ्यूशियन ग्रंथ शिकवणारी राजविद्यापीठाची व्यवस्था सुरू केली आणि पुढे सुई-तांग काळात परीक्षाही आल्या. पण सनावळी मांडून पाहिली, की कारण कोणते आणि कार्य कोणते याचा क्रमच उलटतो.

ते राज्ययंत्र घडले सम्राट वूच्या दोन शतके आधी, परस्परांशी झुंजणाऱ्या राज्यांच्या काळात. इ.स.पू. ३५६ च्या सुमारास पश्चिमेकडच्या छिन राज्यात शांग यांगने सुधारणा सुरू केल्या. कुटुंबांचे गट पाडून त्यांना एकमेकांच्या गुन्ह्यांसाठी जबाबदार धरले. रणात कापलेल्या शत्रूच्या मुंडक्यांवर हुद्दे ठरू लागले. परगण्यांवर वतनदारांऐवजी नेमलेले अधिकारी बसले. कन्फ्यूशियन कुटुंबनीतीचे म्हणाल, तर एका घरात दोन कर्ते मुलगे एकत्र राहिल्यास दुप्पट कर, असा कायदा होता! सैनिक आणि करदाते वाढावेत म्हणून राज्य एकत्र कुटुंबच फोडत होते. इ.स.पू. ३३८ मध्ये शांग यांगला ठार केले, तरी त्याचे कायदे राहिले, कारण लढाया संपल्या नव्हत्या.

१९७५ मध्ये हुपेइ प्रांतात श्वेइहुदी येथे एका छिन कारकुनाच्या थडग्यात बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या सापडल्या. त्यांत सरकारी बैलाचा घेर घटला तर तो राबवणाऱ्याला फटके, असा नियम आहे. हे उपदेशाने घडवलेले राज्य नव्हे. धान्य, जनावरे आणि माणसे मोजून लढाईला उभे राहणारे राज्य होते.

यावर कोणी म्हणेल, शांग यांगचा दंडनीतिवाद हीसुद्धा संस्कृतीच. पण मग दक्षिणेच्या छू राज्याचे काय? त्याचे दैवत-आचार निराळे होते, तरी परगण्यांवर अधिकारी नेमण्याची पद्धत तिथे छिनच्याही आधी आढळते. आचार भिन्न आणि संस्था सारखी, तर समान कारण शोधावे लागते. ते कारण म्हणजे युद्ध. शिवाय जे जे घडले त्या सगळ्याला संस्कृती म्हटले, तर त्या शब्दाने उलगडा कशाचाच होत नाही.

छिनकडून हान साम्राज्याकडे आलेल्या या यंत्राशी कन्फ्यूशियनांचा संबंध बराच काळ विरोधाचाच होता. इ.स.पू. ८१ मध्ये मीठ आणि लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीवर दरबारात वाद झडला, तेव्हा विद्वान मक्तेदारी मोडा म्हणत होते आणि मंत्री संग होंगयांग सीमेवरच्या सैन्याचा खर्च पुढे करत होता. मिठाची आणि लोखंडाची मक्तेदारी त्यानंतरही चालू राहिली.

मग संस्कृतीचे काम काहीच नाही का? आहे, आणि मोठे आहे. पण ते वेगळे आहे. इ.स.पू. १३४ पासून पितृभक्त आणि सचोटीच्या माणसांची शिफारस करून त्यांना पदे देण्याची रीत सुरू झाली. इ.स.पू. ६६ च्या फर्मानाने आईबापांचा गुन्हा लपवणाऱ्या मुलाला शिक्षेतून सूट मिळाली. कुटुंबांनाच एकमेकांवर पहारेकरी नेमणाऱ्या राज्याने घराच्या उंबऱ्याशी थांबायचे मान्य केले, ही संस्कृतीची खरी कमाई होय. खुर्चीवर कोणी बसावे आणि सत्तेने कुठे थांबावे, हे तिने ठरवले. मात्र खुर्ची तिने घडवली नव्हती.

म्हणून आरंभीच्या राज्यांचा अभ्यास करताना संस्था जन्मली कशी आणि पुढे वागू लागली कशी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर ग्रंथांत शोधले, की विजेत्यांनी नंतर सांगितलेले समर्थनच इतिहास म्हणून खपते.