कॅलिफोर्नियातील जलगुणवत्ता परवाने आणि अनिवार्य किमान दंड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कायदा संमत होणे आणि त्याची अंमलबजावणी होणे या दोन भिन्न बाबी आहेत. अमेरिकेतील जलप्रदूषण नियंत्रणाच्या इतिहासात ही तफावत ठळकपणे दिसून येते. ती दूर करण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने स्वीकारलेल्या अनिवार्य किमान दंडाच्या पद्धतीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये पोर्टर-कोलोन जलगुणवत्ता कायदा केला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने स्वच्छ जल कायदा मंजूर केला. त्यानुसार नद्या, सरोवरे व समुद्रात सांडपाणी सोडण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. परवानाधारकानेच पाण्याची तपासणी करून अहवाल द्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. परिणामी उल्लंघनाची कबुली त्याच्याच अहवालात असे. मात्र दंड करावा की नाही, हे प्रशासनाच्या विवेकाधिकारावर अवलंबून राहिले. न्यू जर्सीने १९९० च्या कायद्याने हा विवेकाधिकार मर्यादित केला. १ जानेवारी २००० पासून कॅलिफोर्नियातही तशी तरतूद लागू झाली.

दंडाचे स्वरूप :
प्रत्येक गंभीर उल्लंघनास किमान ३,००० डॉलर दंड निश्चित झाला. निलंबित घनपदार्थांसारख्या प्रदूषकांचे प्रमाण मर्यादेपेक्षा ४० टक्के वा अधिक, तर तांबे, जस्त यांसारख्या धातूंचे प्रमाण २० टक्के वा अधिक वाढल्यास ते उल्लंघन गंभीर ठरते. सहा महिन्यांत चार किंवा अधिक उल्लंघने झाल्यास, पहिली तीन वगळून, पुढील प्रत्येकास तेवढाच दंड होतो. २००४ पासून अहवालास झालेल्या विलंबाच्या प्रत्येक पूर्ण ३० दिवसांसाठीही गंभीर उल्लंघन मानले जाऊ लागले.

परवानाधारकांपुढील मार्ग :
या निश्चिततेची दुसरी बाजूही होती. मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यास व लहान गावाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रास दंडाचा दर एकच होता. गावाचा पैसा दंडात गेला, तर दुरुस्तीसाठी निधी उरत नाही आणि उल्लंघन पुन्हा घडते. म्हणूनच कायद्यात काही मार्ग ठेवण्यात आले. युद्ध, असाधारण नैसर्गिक आपत्ती अथवा त्रयस्थाचे हेतुपुरस्सर कृत्य सिद्ध केल्यास दंडातून सूट मिळू शकते. मंडळाने ठरविलेल्या वेळापत्रकानुसार सुधारणा करणाऱ्यासही विशिष्ट अटींवर संरक्षण आहे. दंडाचा काही भाग पर्यावरणपूरक प्रकल्पाकडे वळविता येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल अशा लहान वस्तीच्या सार्वजनिक केंद्रास दंडाइतकीच रक्कम स्वतःच्या दुरुस्तीवर खर्च करण्याची मुभा मंडळ देऊ शकते.

निष्कर्ष :
विवेकाधिकार काढून घेतल्याने कायद्याचा धाक निर्माण झाला. परंतु असमान कुवतीच्या घटकांवर समान दंड लादल्याने न्याय साधतोच असे नाही. दंडाचे अंतिम प्रयोजन तिजोरी भरणे नसून पाणी शुद्ध राखणे हे आहे. दंडाची रक्कम दुरुस्तीकडे वळविणारी तरतूद या प्रयोजनाशी अधिक सुसंगत ठरते.