मसुदा यंत्राकडे, निर्णय माणसाकडे

इंटरनेटचे तांत्रिक नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांच्या मालिकेत मांडलेले असतात. त्यातल्या आरएफसी ७९१ची छापील प्रत माझ्या टेबलावर कायम असते. इंटरनेटवरचं पाकीट कसं बांधायचं ते सप्टेंबर १९८१च्या या दस्तऐवजात आहे. त्याचे संपादक जॉन पोस्टेल. १९९८मध्ये ते गेले, तोवर या मालिकेचे क्रमांक, भाषा, नेमकेपणा त्यांनीच राखला. पहिली आरएफसी ७ एप्रिल १९६९ची, लॉस एंजलिसमधल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिलेली. तेव्हा प्रती टपालाने जात.

गौरव या पूर्ण झालेल्या दस्तऐवजांचा होतो. मला मात्र त्याआधीचा टप्पा, म्हणजे मसुद्यांची आवक, जास्त मोलाची वाटते. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या, १९८६पासून भरणाऱ्या आयईटीएफमध्ये सदस्यत्व ही भानगडच नाही. पुण्यात बसून मीही मसुदा पाठवू शकतो. सहा महिन्यांत सुधारून पाठवला नाही, तर त्याची मुदत संपते. पूर्वी हे मसुदे ईमेलने सचिवालयात येत. तिथली माणसं एकेक उघडून, नाव आणि आवृत्ती तपासून ते चढवत. वर्षातून तीन सभा, आणि प्रत्येक सभेच्या तोंडावर मसुद्यांचा लोंढा.

डिसेंबर २००५मध्ये आरएफसी ४२२८ने हे काम यंत्राने कसं करावं ते मांडलं: शीर्षक, लेखक, तारीख मजकुरातूनच उचलायची, पाठवणारा खरा आहे ना याची खातरजमा करायची, आयईटीएफच्या एखाद्या कार्यगटाच्या नावाने येणारा पहिला मसुदा त्या गटाच्या अध्यक्षाच्या संमतीशिवाय चढवायचा नाही. मला त्यातली सर्वांत शहाणी तरतूद वाटते ती वेगळीच: यंत्र अडलं, तर सचिवालयातल्या माणसाकडे जायची वाट उघडी ठेवायची. ओळ बहात्तर अक्षरांपुढे गेली की नाही, हे पाहायला माणूस कशाला हवा? पण अडलेल्या लेखकाचं ऐकायला हवाच.

निर्णयाची गोष्ट निराळी. इथे मतदान होत नाही. अध्यक्ष प्रश्न विचारतो आणि सभागृह तोंड मिटून गुणगुणतं. आवाज कुठल्या बाजूला मोठा, त्यावरून कल कळतो. २०२०मध्ये महासाथीमुळे सभा ऑनलाइन गेल्या, तेव्हा हेही यंत्रात बसवून पाहिलं. बटण दाबायचं, आणि उत्तर आकड्यात नव्हे, तर पाश्चात्त्य संगीतातल्या मंद-तीव्र आवाजाच्या संज्ञांत यायचं. कल्पना मला मनापासून आवडली होती, कारण मतमोजणी टाळायची जुनी रीत तिने जपली होती. पण ती टिकली नाही. तिच्या जागी हात वर करण्याचं साधन आलं. ते सरळ आकडे दाखवतं.

ते आकडे पाहूनही सहमती झाली की नाही, हे अध्यक्षालाच सांगावं लागतं. ज्याचा आक्षेप राहिला, त्याचं म्हणणं तपासल्याशिवाय ते सांगता येत नाही, मग आक्षेप घेणारा एकटा का असेना. आणि अध्यक्षाचा निर्णय न पटल्यास त्याच्यावर अपील करता येतं. ते माणसंच ऐकतात.