पाटीवरचे शब्द: ब्रिस्टलच्या एका पुतळ्याची गोष्ट



पत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय 'पुतळे पाडावेत का?' असा छापला आहे. विषय आम्हीच कळवला होता. पण तयारीला बसलो तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाला सरसकट 'हो' किंवा 'नाही' म्हणणं हा आळशीपणा आहे. त्यापेक्षा एकच पुतळा घ्यावा, तो कोणाचा, कोणी उभारला, कधी उभारला आणि त्याच्याखाली काय लिहिलं हे नीट पाहावं, मग काय बोलायचं ते बोलावं. म्हणून आज इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा घेतो.

७ जून २०२० ची दृश्यं आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली असतील. त्याआधी २५ मे रोजी अमेरिकेत मिनिआपोलिसला एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि त्यात तो मेला. त्याचे पडसाद जगभर उमटले. ब्रिस्टलमध्ये सुमारे दहा हजार लोक रस्त्यावर आले. त्यांतल्या काहींनी कोल्स्टनच्या ब्राँझच्या पुतळ्याला दोर बांधून तो खाली ओढला. एकाने त्या पुतळ्याच्या मानेवर गुडघा टेकवला. मग पुतळा गडगडत बंदरापर्यंत नेला आणि पाण्यात ढकलून दिला. जवळच्या पुलाचं नाव आहे 'पेरोचा पूल'. पेरो हा नेव्हिस बेटावरच्या जॉन पिनी नावाच्या मळेवाल्याचा गुलाम. पिनीने त्याला आपला नोकर म्हणून ब्रिस्टलला आणलं होतं. त्याचं नाव पुलाला १९९९ मध्ये दिलं गेलं. म्हणजे बघा, गुलामाच्या नावाचा पूल आणि गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा, दोन्ही एकाच शहरात, पायी जाण्याच्या अंतरावर, एकवीस वर्षं नांदत होते.

आता हा कोल्स्टन कोण? जन्म १६३६, मृत्यू १७२१. ब्रिस्टलच्या व्यापारी घराण्यातला, पण आयुष्य बरंचसं लंडनकडे गेलं. १६८० साली तो रॉयल आफ्रिकन कंपनीत शिरला. या कंपनीला राजाची सनद मिळाली १६७२ साली, आपल्याकडे शिवराज्याभिषेक झाला त्याच्या दोन वर्षं आधी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सोनं, हस्तिदंत आणि माणसं यांचा इंग्लंडमधला मक्ता तिच्याकडे होता. माणसांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने कंपनीची अक्षरं डागत. कोल्स्टन तिचा डेप्युटी गव्हर्नर झाला. गव्हर्नरपद राजघराण्याकडे असल्याने कारभाराच्या दृष्टीने ही जागा फार वरची. तो कंपनीत होता त्या बारा वर्षांत तिने सुमारे ८४,००० आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली.

इथे एक आडवळण घेतो. या माणसांच्या बदल्यात किनाऱ्यावर काय द्यायचे? इतर मालाबरोबर कापडही द्यायचे, आणि त्यातलं बरंचसं हिंदुस्थानी सुती कापड असे. सुरतेहून आणि चोळमंडलाच्या किनाऱ्यावरून ईस्ट इंडिया कंपनी ते लंडनला नेई, तिथून ते आफ्रिकेकडे जाई. मालदीवच्या कवड्याही याच वाटेने जात. विणकराला ठाऊक नव्हतं की त्याचं ठाण कशाच्या मोलात मोजलं जाणार आहे. पण 'हा गोऱ्यांचा आणि काळ्यांचा मामला, आपला काय संबंध' असं म्हणून आपल्याला उठून जाता येत नाही, एवढंच सांगायचंय.

कोल्स्टनने दानधर्म केला हे खरं आहे, आणि थोडाथोडका नाही. ब्रिस्टलमध्ये निराधारांसाठी निवास बांधला, मुलांसाठी शाळा काढली, चर्चना देणग्या दिल्या. पण त्यालाही अट होती. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांच्या लोकांना त्यात जागा नव्हती. १७१० ते १७१३ तो ब्रिस्टलचा खासदार होता. मेल्यावर त्याच्या नावाने मंडळं निघाली. रस्ता, सभागृह, शाळा, इतकंच काय, एका गोड पावालाही त्याचं नाव मिळालं.

आता मुख्य गोष्ट. पुतळा उभारला गेला १८९५ मध्ये. मृत्यूनंतर १७४ वर्षांनी! ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा कायदा होऊन तोवर साठ वर्षं उलटली होती. म्हणजे 'त्या काळी सगळेच तसे होते' ही सबब कोल्स्टनसाठी एक वेळ ऐकून घेऊ, पण पुतळा उभारणाऱ्यांना ती लागू नाही. गुलामांचा व्यापार हे पाप आहे हे त्यांना शाळेत शिकवलं गेलं होतं. मग पुतळा का? ब्रिस्टलमध्ये त्या सुमारास मोठे संप झाले होते, कामगार आणि मालक एकमेकांसमोर उभे होते. 'श्रीमंत माणूस शहराचा बाप असतो' हे सांगायला एक प्रतिमा हवी होती, असं काही इतिहासकारांचं म्हणणं आहे आणि आम्हाला ते पटतं. ॲरोस्मिथ नावाच्या प्रकाशकाने पुढाकार घेतला. लोकवर्गणी काढली, ती पुरेना. पुन्हा हाक दिली, तरी पुरेना. शेवटी थोड्या जणांनी तूट भरली. आणि पाटीवर काय लिहिलं? की हा या शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक, आणि हे स्मारक ब्रिस्टलच्या नागरिकांनी उभारलं आहे. नागरिकांनी खिशात हात घातला नव्हता, तरी पाटीवर त्यांचं नाव! आणि त्या ८४,००० माणसांबद्दल एक अक्षर नाही.

'पुतळा पाडला म्हणजे इतिहास पुसला' हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा सवयीने विचारतो: कोणता इतिहास? सव्वाशे वर्षं त्या चौकात उभ्या असलेल्या पुतळ्याने पुसण्याचंच काम केलं होतं. पुतळा दोन विधानं करतो. एक, 'हा माणूस होऊन गेला.' दुसरं, 'याच्याकडे मान वर करून बघा.' पहिलं विधान पुस्तकात, दप्तरात, संग्रहालयात कुठेही राहू शकतं. चौथरा लागतो तो फक्त दुसऱ्यासाठी.

कोल्स्टनचा धंदा काय होता हे लपून राहिलं होतं असंही नाही. १९२० मध्ये विल्किन्स नावाच्या एका पाद्र्यानेच त्याचं चरित्र लिहून ते उघड मांडलं होतं. शहराने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. दरम्यान शहर बदलत होतं. वेस्ट इंडीजहून माणसं येऊन राहिली, आपल्याकडचीही गेली. १९६३ मध्ये तिथल्या बस कंपनीने गोऱ्यांशिवाय कोणाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घ्यायला नकार दिला, तेव्हा पॉल स्टीफन्सन यांच्या पुढाकाराने बसवर बहिष्कार पडला. कंपनी नमली. त्यानंतरचा पहिला गौरेतर कंडक्टर होता रघबीर सिंग, एक शीख. ही माणसं रोज त्या पुतळ्याखालून जात-येत होती. त्याच शहरात १९९७ साली राजा राममोहन रॉय यांचाही पुतळा उभा राहिला, कारण राजांचा मृत्यू १८३३ मध्ये ब्रिस्टललाच झाला. ज्या साली राजा गेले त्याच साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा मंजूर झाला आणि दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई ठरली. कोणाला? मालकांना! गुलामांना दमडी नाही.

१९९८ मध्ये कोणीतरी रात्रीतून पुतळ्यावर रंगाने 'गुलामांचा व्यापारी' असं लिहिलं. रंग पुसला, वाद राहिला. अर्ज झाले, सह्या झाल्या, पत्रं छापून आली. २०१८ मध्ये महापालिकेने मध्यम मार्ग काढला: पुतळा राहू द्या, खाली आणखी एक पाटी लावू. आता ती पाटी लिहायची कशी? पहिल्या मसुद्यात ८४,००० चा आकडा होता, त्यांतल्या मुलांची वेगळी संख्या होती, मृतांची होती, दानधर्मातला पंथभेदही होता. त्यावर घासाघीस सुरू झाली. मुलांचा आकडा हवाच का, खासदारकीचा उल्लेख कशाला, दान आधी की गुलाम आधी. शहरातल्या जुन्या व्यापारी मंडळींचाही त्यात हात होता. शब्द सौम्य होत होत एक मजकूर तयार झाला. २०१९ मध्ये महापौर मार्विन रीस यांनी 'हा मजकूर चालणार नाही' म्हणून तो थांबवला. रीस यांचे वडील जमैकाचे. पाटी लागलीच नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये लोकांनी दोर आणले.

सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त बोचते ती ही न लागलेली पाटी. चार ओळी खऱ्या लिहायला एका सुशिक्षित शहराला जमलं नाही. त्या वेळेत जमल्या असत्या तर पुतळा कदाचित आजही उभा असता, आणि खरं सांगायचं तर त्याने आमची झोप उडाली नसती.

पण म्हणून जमावाने केलं ते योग्य झालं का? इथे आमची जीभ अडखळते. पुतळा जावा हे आम्हाला मान्य आहे. ज्या रीतीने गेला त्याबद्दल आम्ही टाळ्या वाजवू शकत नाही. जमाव आणि पुतळे यांचा आपल्या महाराष्ट्राला चांगला अनुभव आहे. पुतळ्याच्या विटंबनेतून पेटलेल्या दंगली आपण पाहिल्यात. आज तुमच्या मनासारखा पुतळा पाडणारा दोर उद्या दुसऱ्याच्या हातात असतो.

आणि तरीही. १८९६ साली, म्हणजे कोल्स्टनचा पुतळा उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, मुंबईत दामोदर चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. डाग निघेना; शेवटी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने तो काढला. सरकारच्या लेखी तो गुन्हा होता. आपण मात्र शाळेत ही हकिकत कशी वाचली? अभिमानाने. मग ब्रिस्टलच्या पोरांकडे बोट दाखवताना आपण जरा सांभाळून बोलावं. पुढे स्वतंत्र भारतात, १९६५ मध्ये, सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा मुंबईतल्या चौकातून उचलून भायखळ्याच्या बागेत नेऊन ठेवला. इतिहास पुसला गेला? राजा गेला, घोडाही गेला, पण त्या जागेला लोक अजून 'काळा घोडा' म्हणतात!

ब्रिस्टलमध्ये चौघांवर खटला झाला. ५ जानेवारी २०२२ रोजी ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी अपील न्यायालयाने कायद्याचा मुद्दा स्पष्ट केला की मालमत्तेची अशी मोठी, हिंसक हानी करणाऱ्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल वापरता येणार नाही. चौघांची सुटका मात्र कायम राहिली. पार्लमेंटने कायदा केला, आता स्मारकाची हानी किरकोळ किमतीची असली तरी दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाटी न लावणाऱ्यांना अर्थातच काही शिक्षा नाही.

आता थोडं आमच्या घरचं. २०२० च्या सप्टेंबरात एडिंबरा विद्यापीठाने आपल्या एका इमारतीला असलेलं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं नाव काढलं. ह्यूमच्या एका निबंधात १७५३ साली जोडलेली तळटीप आहे. काळे लोक स्वभावतःच गोऱ्यांपेक्षा कनिष्ठ असावेत, असा संशय तिच्यात त्याने व्यक्त केला आहे. ती बातमी वाचून आम्हाला राग आला. ह्यूम आम्ही तीसहून अधिक वर्षं शिकवला. कार्यकारणभाव, अनुभववाद, सगळं. ह्यूमसारखा स्वच्छ विचार करणारा माणूस विरळा, असं वर्गात सांगत आलो. नाव काढणं आम्हाला अजूनही पटत नाही, कारण ह्यूमचा मान त्याच्या युक्तिवादांसाठी आहे, ते चूक की बरोबर हे आजही तपासता येतं. कोल्स्टनचा मान 'सद्गुणी' या एका शब्दावर उभा होता.

पण मग कोणीतरी विचारलं, 'सर, ती तळटीप तुम्ही कधी शिकवलीत?' नाही शिकवली. ठाऊक होती, अभ्यासक्रमात नव्हती, परीक्षेला येत नव्हती. जो माणूस पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका म्हणत होता तो इथे पुराव्याशिवाय एवढी मोठी उडी कशी मारतो, हा केवढा छान प्रश्न होता वर्गात विचारायला! आणि आमच्याच महाराष्ट्रात जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून ते अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्यांना अर्पण केलं होतं; तेही पुस्तक आमच्या वर्गात कधी ह्यूमच्या शेजारी आलं नाही. ब्रिस्टलच्या पाटीला आम्ही मघाशी नावं ठेवली, तेव्हा आमची पाटीही सांगून टाकावी म्हटलं.

बाकी थोडक्यात सांगतो. चार दिवसांनी पालिकेने पुतळा पाण्यातून काढला. जुलैमध्ये मोकळ्या चौथऱ्यावर मार्क क्विन या शिल्पकाराने मूठ उंचावलेल्या एका कृष्णवर्णीय आंदोलक स्त्रीचं शिल्प परवानगीशिवाय आणून ठेवलं, ते पालिकेने दुसऱ्याच दिवशी उचललं. सभागृहाचं नाव बदललं, शाळांचीही बदलली. शहराने लोकांना विचारलं, सुमारे चौदा हजार उत्तरं आली आणि पाचांतल्या चौघांचं म्हणणं पडलं, पुतळा संग्रहालयात ठेवा. बंदरावरच्या 'एम शेड' संग्रहालयात तो आता आडवा ठेवला आहे, अंगावरच्या रंगासकट. रंग धुवायचा नाही, असं जतन करणाऱ्यांनी ठरवलं.

चिखल मात्र धुवावा लागला. तो धुताना कोटाच्या घोळात गुंडाळी करून खुपसलेलं एक जुनं साप्ताहिक मिळालं, १८९५ सालचं 'टिट-बिट्स'. त्याच्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी हाताने आपली नावं लिहून ठेवली होती. सव्वाशे वर्षं ती आतच होती. त्यांना वर्गणी कोणी मागितली असेल असं वाटत नाही.

वेळ झाली आहे. काही प्रश्न असतील तर घेऊ या.